सलाईन लावली, पुढे काय?

आपल्याकडे सलाईन लागल्याशिवाय आजारपणाला वजन येत नाही. भेटायला आलेला पाहुणा आधी बाटलीकडे बघतो, मग पेशंटकडे. "दोन बाटल्या लावल्या" म्हटलं की त्याचा चेहरा गंभीर होतो. नुसत्या गोळ्या दिल्या म्हटलं तर तो डॉक्टर बदलायचा सल्ला देतो. ऊसतोडीवरून परतलेली माणसं, उपासांनी थकलेल्या बायका, लग्नघरात राबून आडवे झालेले यजमान, सगळ्यांना "ताकदीची" सलाईन हवी असते. त्यात पिवळं इंजेक्शन घातलेलं असेल तर दुधात साखर.

नर्सिंगच्या मुलींना, आणि नंतरच्या वर्षांत मुलांनाही, शिकवण्यात माझी नोकरी गेली. जिल्ह्याच्या गावचं रुग्णालय आणि त्याला जोडून जीएनएमचा तीन वर्षांचा कोर्स. पहिल्या वर्षाच्या मुलींना विचारावं, कशाची घाई झाली आहे? उत्तर ठरलेलं: "मॅडम, सलाईन लावायला कधी शिकवणार?" शीर सापडली, सुई गेली, रक्त दिसलं की आपण नर्स झालो, असं त्यांना वाटतं. वॉर्डातल्या नातेवाइकांचीही तीच समजूत असते. कुठली सिस्टर "एका टोच्यात" लावते याची ख्याती खाटेखाटेवरून पसरते. मी मात्र वर्गाला कंटाळा येईपर्यंत एकच सांगत राहिले: टोचणं हे पाच मिनिटांचं काम आहे. पुढचे आठ तास ती बाटली, ती नळी आणि तो हात बघत राहायचं, यालाच शुश्रूषा म्हणतात.

हे समजावायला मी सलाईनच्या जन्माचीच गोष्ट सांगायचे. कॉलरा इंग्लंडात पोचला तेव्हा विल्यम ओशॉनेसी नावाच्या बावीस वर्षांच्या डॉक्टरने रोग्यांचं रक्त तपासलं आणि सांगितलं, यातलं पाणी आणि क्षार निघून गेले आहेत, तेच परत द्यायला हवेत. (हाच ओशॉनेसी पुढे कलकत्त्याला आला आणि हिंदुस्थानात तारायंत्राचं जाळं उभारण्याचं काम त्याने केलं.) त्याचं म्हणणं वाचून 1832 साली स्कॉटलंडमधल्या लीथ बंदराचा डॉक्टर थॉमस लॅटा याने ते प्रत्यक्षात आणलं. मरणाच्या दारात असलेल्या एका म्हातारीच्या शिरेत त्याने चांदीची नळी घातली आणि मीठ-सोड्याचं कोमट पाणी सोडलं. अर्ध्या तासात जवळजवळ तीन लिटर. खोल गेलेले डोळे उघडले, नाडी लागली, हातपाय गरम झाले, बाई बोलू लागली. लॅटाला वाटलं, जिंकलो. थकला होता बिचारा. बाईला तिथल्या सर्जनच्या हवाली करून तो निघून गेला. थोड्याच वेळात तिला पुन्हा उलट्या-जुलाब सुरू झाले, आणि साडेपाच तासांत ती गेली. लॅटाने नंतर लिहिलं की तेच औषध पुन्हा दिलं असतं तर ती वाचली असती, याबद्दल त्याला शंका नव्हती. सलाईन लावणारा हुशार होता, पण तो गेल्यावर बाटली पुन्हा चालू करणारं तिथे कुणी नव्हतं.

आता बाटलीत असतं काय, ते बघू. नेहमीची सलाईन म्हणजे एनएस, नॉर्मल सलाईन. एक लिटर शुद्ध पाण्यात नऊ ग्रॅम मीठ. एवढंच. नऊच का, तर रक्तातल्या पेशींना तेवढाच खारटपणा मानवतो. शिरेत साधं शुद्ध पाणी सोडलं तर तांबड्या पेशी फुगून फुटतील. मीठ फार झालं तर त्या लोणच्यासाठी मीठ लावलेल्या कैरीच्या फोडींसारख्या पाणी सोडून आक्रसतील. अर्धा लिटरच्या एका बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ जातं. मोठ्या माणसाने दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे ब्लड प्रेशरचा पेशंट घरी आमटी अळणी खातो आणि थकवा आला म्हणून हौसेने दोन बाटल्या लावून घेतो, तेव्हा जवळजवळ दोन दिवसांचं मीठ शिरेतून जातं.

दुसरी बाटली आरएलची, म्हणजे रिंगर लॅक्टेटची. हृदयावर प्रयोग करणारा इंग्रज शास्त्रज्ञ सिडनी रिंगर याने मिठाबरोबर पोटॅशियम आणि कॅल्शियमही लागतं हे एकोणिसाव्या शतकात दाखवलं, आणि 1930च्या दशकात अलेक्सिस हार्टमन या अमेरिकन बालरोगतज्ज्ञाने त्यात लॅक्टेट घातलं. जुलाब, भाजणं, ऑपरेशन, बाळंतपण अशा वेळी ही बाटली फार वापरतात, कारण तिची घडण रक्तातल्या पाण्याला जास्त जवळची आहे. तिसरी डेक्स्ट्रोजची, डी फाइव्ह, म्हणजे शंभर मिलिलिटरला पाच ग्रॅम साखर. अर्ध्या लिटरमध्ये पंचवीस ग्रॅम, उष्मांक शंभराच्या आसपास. एका भाकरीतून याहून जास्त मिळतात, आणि ती स्वस्त पडते. पिवळ्या इंजेक्शनाचं गुपितही सांगून टाकते: ती जीवनसत्त्वं असतात आणि तो पिवळा रंग प्रामुख्याने बी टूचा. ज्याला तोंडाने जेवता येतं त्याला यातून वेगळी काही ताकद मिळत नाही. दुसऱ्या दिवशी लघवी पिवळीजर्द होते, तेवढा पैशाचा हिशोब मात्र डोळ्यांना दिसतो.

मग सलाईन लागते कुणाला? जो तोंडाने घेऊ शकत नाही, ज्याच्या पोटात काही टिकत नाही, ज्याचं रक्त किंवा पाणी इतकं गेलं आहे की पिऊन भरून काढायला वेळ नाही, ज्याला शिरेतूनच द्यायची औषधं आहेत, अशांना. बाकीच्यांना ग्लास पुरतो. 1971 साली बांगलादेशचे निर्वासित बनगावच्या छावणीत कॉलऱ्याने मरत होते. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज यांचं पाणी पिंपांत भरून ठेवलं आणि रोग्यांच्या नातेवाइकांनाच ते पाजायला लावलं. शंभरातले तीसच्या आसपास दगावत होते, तो आकडा चारच्या खाली आला. तेच आपलं ओआरएस. महालनबीसांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं, 2023 साली.

तर वॉर्डात डॉक्टरांनी केस पेपरवर सलाईन लिहिली आहे. मुलगी ट्रे घेऊन निघते. तिला मी पहिल्यांदा अडवायचे ती नावाशी. "तुम्ही पाटीलकाकू ना?" असं विचारायचं नाही. तापात अर्धवट झोपेत असलेली बाई कशालाही हो म्हणते, आणि आपल्याकडे एका वॉर्डात तीन पाटील असतात. "काकू, तुमचं पूर्ण नाव सांगा," असं विचारायचं आणि केस पेपरवर बघायचं. मग बाटली उजेडात धरून बघायची: तारीख संपली का, आत काही तरंगतं का, दाबल्यावर कुठून थेंब येतो का. हात धुवायचे. ग्लोव्हज घातले तरी धुवायचे.

सुई निवडताना नव्या मुली हमखास गोंधळतात, कारण आकडा मोठा तितकी सुई बारीक. म्हणून आम्ही रंगांनी बोलतो. हिरवी अठराची, गुलाबी वीसची, निळी बावीसची, पिवळी चोवीसची. तान्ह्या बाळाला पिवळी, म्हाताऱ्या आजीच्या नाजूक शिरेला निळी, साध्या सलाईनला गुलाबी. बाळंतिणीला रक्तस्राव सुरू झाला तर दोन्ही हातांना हिरवी नाहीतर त्याहून जाड, राखाडी. तिथे बारीक सुई घालणं म्हणजे वेळ घालवणं. नळीची त्रिज्या दुप्पट झाली तर प्रवाह सोळापट होतो, असा नियम आहे. अशा वेळी सुईच्या जाडीवर जीव अवलंबून असतो.

शीर डोळ्यांनी शोधायची नसते, बोटांनी शोधायची असते. वर दिसणारी निळी रेघ बऱ्याचदा फसवी निघते. बोटाखाली दबून लगेच वर उसळते ती खरी. हात खाली सोडायला सांगावा, मूठ उघड-मीट करायला लावावी, थंडीत गरम फडकं गुंडाळावं. फटके मारून शीर वर काढायची सवय मी दिसली की मोडायचे. त्याने दुखतं आणि शीर आणखी आक्रसते. सुरुवात शक्यतो हाताच्या खालच्या भागापासून करायची, म्हणजे ही जागा बिघडली तर वर सरकता येतं. ज्या हातात डायलिसिसचा फिस्टुला आहे त्या हाताला शिवायचं नाही, आणि स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं असेल तर त्या बाजूचा हातही टाळायचा.

पट्टा टोचायच्या जागेपासून चार-पाच बोटं वर बांधायचा, मिनिटभरापेक्षा जास्त ठेवायचा नाही, आणि मनगटाची नाडी लागली पाहिजे. स्पिरिट लावल्यावर ते वाळू द्यायचं. ओल्या स्पिरिटावर टोचलं तर पेशंटला झोंबतं, आणि जंतूही पुरते मेलेले नसतात. पुसल्यावर पुन्हा बोट लावायचं नाही. नेमकं तिथेच सगळ्यांचं बोट जातं. अंगठ्याने त्वचा खाली ताणायची, सुईचं तिरकं तोंड वर ठेवायचं, आणि वीस-पंचवीस अंशांत आत जायचं. मागच्या कुपीत रक्त चमकलं की हात खाली आणायचा, दोनेक मिलिमीटर आणखी पुढे जायचं, आणि लोखंडी सुई तिथेच धरून वरची प्लॅस्टिकची नळी शिरेत सरकवायची. पट्टा आधी सोडायचा, सुई मग काढायची. हा क्रम चुकला की चादर रक्ताने भरते आणि नातेवाइकांच्या आरडाओरड्याने मुलीचा उरलासुरला धीर जातो. एकदा मागे घेतलेली सुई पुन्हा नळीत घालायची नाही, कारण ती आतून प्लॅस्टिक कापते आणि तुकडा रक्ताबरोबर वाहत जाऊ शकतो. टोपण न लावता सुई थेट पांढऱ्या डब्यात, नळ्या-बाटल्या लाल पिशवीत. 2016च्या जैव-वैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत हे रंग ठरवून दिलेले आहेत.

दोनदा प्रयत्न करून जमलं नाही तर थांबायचं आणि सीनियरला बोलवायचं. यात कमीपणा नाही. तिसऱ्यांदा टोचते ती हट्टाने टोचते, आणि हट्टाची किंमत पेशंटचा हात देतो.

आता लागली सलाईन. मुलगी हसत ट्रे उचलते, आणि इथेच माझा तास सुरू व्हायचा.

आधी थेंब. नेहमीच्या सेटमध्ये बहुतेक वेळा वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो, लहान मुलांच्या मायक्रो सेटमध्ये साठ थेंबांचा. पाकिटावर छापलेलं असतं, ते वाचायचं. अर्धा लिटर आठ तासांत द्यायची आहे. पाचशे गुणिले वीस, भागिले चारशे ऐंशी मिनिटं: मिनिटाला एकवीस थेंब. सेकंदकाट्याचं घड्याळ समोर धरून पूर्ण मिनिट मोजायचं. मायक्रो सेटचा हिशोब तर तोंडी आहे: तासाला जितके मिलिलिटर, मिनिटाला तितके थेंब. दहावीला गणितात रडलेल्या मुली हे आठवड्यात शिकतात, कारण समोर खाटेवर माणूस असतो.

पण एकदा मोजून भागत नाही. पेशंटने कोपर वाकवलं की थेंब बदलतात, खाटेचं डोकं वर केलं की बदलतात. आणि सगळ्यात जास्त बदलतात ते नातेवाइकांमुळे. शेवटची एसटी गाठायची असते, मग कुणी न बघता नळीवरचं चाक पुढे सरकवतं आणि आठ तासांची बाटली तासात रिकामी होते. तरण्या माणसाला त्याचं फारसं काही होणार नाही. हृदय अशक्त असलेल्या म्हाताऱ्याच्या मात्र फुप्फुसात पाणी भरतं: खोकला सुरू होतो, आडवं झोपवत नाही, उठून बसावंसं वाटतं. डेंग्यूत तर हा खेळ आणखी नाजूक असतो. आजाराच्या मधल्या एक-दोन दिवसांत रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांबाहेर झिरपतं, तेव्हा सलाईन लागते. नंतर तेच पाणी आपोआप परत येतं, आणि तेव्हाही बाटल्या चालू राहिल्या तर बरा होत आलेला पेशंट धापा टाकू लागतो. "ताप उतरला तरी सलाईन का बंद केली?" म्हणून भांडायला येणाऱ्यांना हे सांगून सांगून माझा घसा बसला आहे.

मग हात. सुईभोवती सूज आली, कातडी ताणलेली, पांढरट आणि गार लागते, तर सलाईन शिरेबाहेर मांसात जाते आहे. लालसर, गरम, दुखरी, आणि शीर दोरीसारखी टणक लागते, तर शीर सुजली आहे. दोन्ही वेळा उपाय एकच: बंद करा, काढा, दुसरी जागा शोधा. साधी सलाईन बाहेर गेली तर सूज उतरते, पण कॅल्शियम किंवा ब्लड प्रेशर वाढवणारी औषधं बाहेर गेली तर तिथलं मांस मरतं. म्हणून "जरा सूज आहे, बाटली संपेपर्यंत चालू दे" हे वाक्य माझ्या वॉर्डात चालत नसे.

पोटॅशियमबद्दल बोलताना मी आवाज चढवायचे. केसीएलची छोटी अँप्युल इतर अँप्युल्सच्या गर्दीत निरुपद्रवी दिसते. ती थेट शिरेत ढकलली तर हृदय बंद पडतं. ती नेहमी पातळ करूनच, सावकाश, साध्या वॉर्डात तासाला दहा मिलिइक्विव्हॅलंटच्या वर नाही. आणि लटकत्या बाटलीत टोचून मोकळं व्हायचं नाही. ते जड असतं, तळाशी साठतं आणि पहिल्या थेंबांबरोबर सगळं एकदम जातं. बाटली खाली काढून उलटसुलट करून मिसळायची, मगच लावायची. औषधांची आपसांतली भांडणंही पाठ हवीत: सेफ्ट्रायअॅक्सोन आणि आरएल एका नळीत नाही, कारण कॅल्शियमबरोबर त्याचे कण होतात, फिटचं फेनिटॉइन डेक्स्ट्रोजमध्ये नाही, आणि रक्ताच्या पिशवीबरोबर एनएसशिवाय काही नाही. रक्त चढवताना तर पहिली पंधरा मिनिटं खाटेजवळून हलायचंच नाही. थंडी वाजली, कंबर दुखली, अंगावर पित्त उठलं तर रक्त बंद करायचं, डॉक्टरांना हाक मारायची, पिशवी जपून ठेवायची. ती फेकून दिली तर तपासणार काय?

नातेवाइकांची सगळ्यात मोठी भीती वेगळीच असते. बाटली संपली, आता हवा शिरेत जाणार आणि माणूस मरणार! रात्री दोन वाजता याच भीतीने माणसं कॉरिडॉरमध्ये धावत येतात. धावू नका. खुंटीवरची बाटली संपली की नळीतलं पाणी खाली उतरत येतं आणि जिथे त्याचा दाब शिरेतल्या रक्ताच्या दाबाइतका होतो तिथे थांबतं. हाताच्या शिरेत हवा आपणहून ओढली जात नाही. नळीतला एखादा बारीक बुडबुडा फुप्फुसात विरतो. धोका असतो तो रिकाम्या नळीला तशीच नवी बाटली जोडण्यात, कारण मग नवं पाणी ती सगळी हवा पुढे ढकलतं. म्हणून आधी हवा काढतात. मानेतल्या मोठ्या शिरेत नळी असेल तर मात्र हवेची भीती खरी आहे, तिथे फक्त सिस्टरच हात लावेल.

तुमचं माणूस खाटेवर असेल तर एवढं करा. बाटलीत काय आहे आणि कशासाठी आहे, हे विचारा. विचारल्याने कुणी रागावत असेल तर रागावू द्या. संडासला नेताना बाटली छातीच्या वर धरा, नाहीतर नळीत रक्त उलटं येतं. चाकाला हात लावू नका. सूज, जळजळ, थंडी, धाप, यातलं काहीही दिसलं तर रात्रीचे तीन वाजलेले असले तरी सिस्टरला हाक मारा, आणि शिकाऊ मुलगी हात तपासायला चौथ्यांदा आली तर "सारखं काय बघते?" असं तिला म्हणू नका.